जे फक्त दाखवते तेच घ्यावे

घरचा संगणक रडतखडत चालायला लागला की त्याच्या पोटात नेमके काय चालले आहे हे पाहावेसे वाटणे साहजिक आहे. कुठला प्रोग्रॅम प्रोसेसर खातो आहे, मेमरी कुणी अडवली आहे, हार्ड डिस्कचा दिवा सारखा का लुकलुकतो आहे, हे दाखवणारी फुकट सॉफ्टवेअर ढिगाने मिळतात. निवड करताना बहुतेक जण वैशिष्ट्यांची यादी पाहतात: आलेख किती, रंग किती, एका क्लिकमध्ये काय काय होते. माझ्या मते ही यादीच चकवते. घरगुती वापरासाठी कसोटी एकच लावावी. जे साधन फक्त दाखवते ते घ्यावे. जे दाखवते आणि लगोलग दुरुस्तही करून देतो म्हणते, ते कितीही देखणे असले तरी घेऊ नये. दोष सापडण्यावर ज्याचे पोट चालते त्याला दोष सापडतोच. रक्त तपासणारी लॅब आणि औषधाचे दुकान एकाच मालकाचे असले आणि वर तपासणी मोफत असली, तर अहवाल हातात पडल्यावर आपण जरा थबकतो. संगणकाच्या बाबतीत मात्र हाच प्रकार ‘फ्री स्कॅन’ या नावाखाली कितीतरी वर्षे बिनबोभाट चालला आहे.

एका प्रकरणाचा बोभाटा झाला, तो जरा जवळून पाहण्यासारखा आहे. अमेरिकेतल्या ऑफिस डेपो या दुकानसाखळीत ‘पीसी हेल्थ चेक’ नावाची तपासणी केली जात असे; तिचे सॉफ्टवेअर सपोर्ट डॉट कॉम या कंपनीने पुरवलेले होते. ग्राहक संगणक घेऊन आला की त्याला चार प्रश्न विचारले जात. संगणक मंदावला आहे का, व्हायरसच्या सूचना येतात का, मध्येच बंद पडतो का, नको त्या जाहिराती उघडतात का. तो ‘हो’ म्हणेल त्या प्रश्नापुढच्या चौकटीत खूण करायची आणि मग स्कॅन सुरू करायचे. शेवटी ‘मालवेअरची लक्षणे आढळली’ असा निकाल झळके आणि त्यापाठोपाठ शेकडो डॉलरची दुरुस्ती सुचवली जाई. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनचा आरोप असा, की हा निकाल स्कॅनवरून ठरतच नव्हता. चारपैकी एका चौकटीत जरी खूण असली तरी तो येणारच होता. मार्च २०१९ मध्ये दोन्ही कंपन्यांनी मिळून साडेतीन कोटी डॉलर भरून प्रकरण मिटवले. यातली खुबी दाद देण्याजोगी आहे: ग्राहकाने स्वतःच सांगितलेली तक्रार यंत्राच्या तोंडून त्याला परत ऐकवायची. आपलेच म्हणणे आलेखासकट समोर आले की माणसाला ते शास्त्रीय वाटते.

हा एखाद्या दुकानाचा अपवाद म्हणावा, तर मायक्रोसॉफ्टला याच प्रवृत्तीविरुद्ध नियम करावा लागला. फुकट आवृत्तीत स्कॅन करून घाबरवणारे संदेश दाखवायचे आणि दुरुस्तीसाठी पैसे भरायला लावायचे, अशा ‘क्लीनर’ आणि ‘ऑप्टिमायझर’ प्रोग्रॅमना १ मार्च २०१८ पासून विंडोज डिफेंडर नको असलेले सॉफ्टवेअर समजून काढून टाकील, असे कंपनीने जाहीर केले. ‘तुमच्या संगणकात ४३७ चुका’ असे सांगणारा प्रोग्रॅम त्या चुका कुठल्या, त्यांनी बिघडते काय, हे सांगत नाही, हीच त्या नियमामागची तक्रार होती.

लबाडीचा हेतू नसलेले दुरुस्तीचे बटणसुद्धा बहुतेक वेळा निरुपयोगीच असते, आणि मेमरी मोकळी करून देणारी साधने हे त्याचे उत्तम उदाहरण. आठ जीबीपैकी साडेसहा जीबी वापरात आहे असा आकडा दिसला की आपल्या मनात टाकी भरत आल्याची भीती येते. पण आधुनिक ऑपरेटिंग सिस्टिम रिकामी मेमरी रिकामी ठेवतच नाही. २००७ साली बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टापासून तर तुम्ही नेहमी उघडता ते प्रोग्रॅम आधीच मेमरीत आणून ठेवण्याची व्यवस्थाच आहे, आणि दुसऱ्या कुणाला जागा लागली की ती क्षणात सोडून दिली जाते. ‘बूस्ट’चे बटण दाबले की असले साधन विंडोजला सांगते, सगळ्या प्रोग्रॅमच्या ताब्यातली मेमरीची पाने काढून घे. आकडा धाडकन खाली येतो, हिरवी खूण उमटते, आपल्याला बरे वाटते. पुढच्याच मिनिटाला ब्राउझरकडे वळले की तीच पाने परत गोळा करावी लागतात, त्यातली काही डिस्कवरून, आणि जुन्या फिरत्या हार्ड डिस्कच्या संगणकावर ती ओढाताण चांगली जाणवते. आकडा सुधारला, काम मंदावले. फक्त दाखवणाऱ्या साधनात असले बटणच नसल्याने हा मोह टळतो.

मग दाखवणारे साधन कुठले? पहिले तर संगणकात आधीपासूनच आहे. विंडोजचा टास्क मॅनेजर डेव्ह प्लमर या मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्याने लिहिला आणि १९९६ च्या विंडोज एनटी ४.० बरोबर तो बाहेर पडला. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबले की तो उघडतो. त्याला पोरखेळ समजणारे पुष्कळ आहेत, पण त्यातल्या ‘डिटेल्स’ पानावर स्तंभांच्या मथळ्यावर उजवी क्लिक करून फाइलचा पत्ता आणि कमांड लाइन असे दोन स्तंभ वाढवले की त्याचा चेहराच बदलतो. एसव्हीसीहोस्ट हे नाव यादीत पन्नास वेळा दिसते म्हणून दचकणाऱ्याला मग कळते, की बहुतेक ओळींमागे विंडोजची एकेक सेवा आहे. साडेतीन जीबीहून अधिक मेमरी असलेल्या यंत्रांवर २०१७ पासून विंडोज १० ने या सेवा मुद्दाम सुट्या केल्या, जेणेकरून एक कोसळली तर शेजारची कोसळू नये. खरा एसव्हीसीहोस्ट विंडोजच्या सिस्टिम-३२ फोल्डरातून चालतो. त्याच नावाचा, किंवा एखादे अक्षर इकडेतिकडे केलेला प्रोग्रॅम डाउनलोड्सच्या फोल्डरातून चालताना दिसला, तर तेवढा एक पत्ता दहा आलेखांपेक्षा जास्त सांगून जातो.

आकड्यांच्या बाबतीतही सावध राहायला हवे, कारण ते साधनागणिक बदलतात आणि त्यात फसवणूक असतेच असे नाही. लिनक्सवरच्या टॉप या साधनात शंभर टक्के म्हणजे एक कोर पूर्ण गुंतलेला. चार कोरच्या यंत्रात एखादा प्रोग्रॅम तिथे चारशे टक्केही दाखवू शकतो. विंडोजमध्ये शंभर टक्के म्हणजे सगळे कोर मिळून. टास्क मॅनेजरची स्वतःचीच दोन पाने प्रोसेसरचा वापर बरीच वर्षे वेगवेगळ्या सूत्रांनी मोजत होती. विंडोज ११ मध्ये ती २०२५ साली एका मापावर आणली गेली. आणि ‘सिस्टिम आयडल प्रोसेस’ ९७ टक्के दाखवते म्हणून घाबरलेल्यांना कितीदा सांगावे, की तो प्रोसेसरच्या विश्रांतीचा आकडा आहे! तेव्हा एका साधनाचा आकडा दुसऱ्याशी ताडून पाहण्यात अर्थ नाही. एकाच साधनाचा कालचा आणि आजचा आकडा ताडावा.

टास्क मॅनेजर जिथे थांबतो तिथून पुढे न्यायला सिसइंटर्नल्सची साधने आहेत: प्रोसेस एक्सप्लोरर, ऑटोरन्स, प्रोसेस मॉनिटर. मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल यांनी १९९६ पासून ती बनवली, फुकट वाटली, आणि २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती विकत घेतली. ती आजही फुकट आहेत, आणि त्यांत ‘प्रो’ आवृत्तीची भीक नाही. प्रोसेस एक्सप्लोरर उघडला की प्रोसेसची यादी झाडासारखी दिसते, म्हणजे कुणी कुणाला जन्म दिला ते कळते. वर्ड प्रोसेसरच्या पोटातून कमांडची खिडकी निघाली असेल तर ते झाडातच नजरेला येते. सेवा गुलाबी पट्ट्यात, तुमच्या खात्यातले प्रोग्रॅम फिकट निळ्यात, नुकतीच सुरू झालेली प्रोसेस क्षणभर हिरवी, संपणारी लाल. वरच्या पट्टीत बंदुकीच्या नेमासारखे एक गोल चिन्ह आहे; ते ओढून पडद्यावरच्या नको त्या खिडकीवर सोडले की ती कुठल्या प्रोसेसची आहे ते समजते. कंपनीचे नाव कुणीही काहीही लिहू शकतो, म्हणून सह्या तपासण्याची सोय चालू करावी. मग त्या फाइलवर खरोखर कुणाची डिजिटल सही आहे ते वेगळ्या स्तंभात येते. २०१४ पासून प्रत्येक फाइलचा ठसा व्हायरसटोटल या सेवेकडे पाठवून अनेक अँटिव्हायरसचे मत मागवण्याचीही सोय त्यात आहे. हे सगळे पाहून झाल्यावर साधन गप्प बसते. पुढे काय करायचे ते तुम्ही ठरवायचे.

या गप्प बसण्याची किंमत २००५ मध्ये दिसली. रुसिनोविच रूटकिट, म्हणजे स्वतःला लपवणारे प्रोग्रॅम, शोधणाऱ्या स्वतःच्याच साधनाची चाचणी घेत असताना त्यांना आपल्या यंत्रावर दडवलेल्या फाइली आढळल्या. माग काढता काढता ते एका संगीताच्या सीडीपर्यंत पोचले. सोनी बीएमजीने नक्कल रोखण्यासाठी सीडीबरोबर एक प्रोग्रॅम गुपचूप घुसवला होता आणि ठरावीक अक्षरांनी सुरू होणारी कुठलीही फाइल वा प्रोसेस तो विंडोजपासूनच लपवत असे. त्याच्या सेवेला दिलेले नाव विंडोजच्या स्वतःच्या सेवेसारखे होते, आणि सीडी वाजत नसतानाही तो दर दोन सेकंदांनी चालू प्रोसेस तपासत बसे. ३१ ऑक्टोबर २००५ रोजी हा शोध प्रसिद्ध झाला आणि काही आठवड्यांत कंपनीला सीडी परत मागवाव्या लागल्या. लक्षात घेण्याजोगे हे, की घरोघरी पैसे मोजून बसवलेल्या अँटिव्हायरसने तोवर यावर बोट ठेवले नव्हते. एका माणसाने आणि काहीही विकत नसलेल्या साधनाने ठेवले.

यावर पहिला आक्षेप मुक्त सॉफ्टवेअरच्या बाजूने येतो, आणि तो वजनदार आहे. प्रोसेस एक्सप्लोररचा कोड बंद आहे. मग मायक्रोसॉफ्टवर भरवसा कशाला? प्रोसेस हॅकर, म्हणजेच आताचा सिस्टिम इन्फॉर्मर, हा तितकाच समर्थ असून त्याचा कोड कुणालाही वाचता येतो. कोड खुला असणे ही मोठी गोष्ट आहे हे मला मान्य आहे, आणि लिनक्सवर तर प्रश्नच मिटतो: टॉप, एचटॉप यांसारखी साधने कर्नलने, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने, उघड ठेवलेली माहिती वाचून मांडतात आणि ती डिस्ट्रिब्युशनच्या भांडारातूनच येतात. पण विंडोजच्या घरगुती वापरकर्त्याने केवळ खुलेपणावर निवड करावी हे पटत नाही. तो कोड वाचत नाही, तयार फाइल उतरवतो. एक्सझेड या फाइली आकसवणाऱ्या सॉफ्टवेअरचे २०२४ मधले प्रकरण आठवावे. त्या मुक्त प्रकल्पात घुसवलेल्या चोरवाटेचा कळीचा तुकडा सार्वजनिक कोडभांडारात नव्हता, तो वाटपासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात होता. शिवाय अशी खोलवर पाहणारी साधने कर्नलमध्ये आपला ड्रायव्हर उतरवतात, आणि तोच ड्रायव्हर हल्लेखोरांना हवा असतो. प्रोसेस हॅकरचा ड्रायव्हर वापरून खंडणीखोर टोळ्यांनी संरक्षक प्रोग्रॅम बंद पाडले आहेत. प्रोसेस एक्सप्लोररही सुटला नाही: २०२३ मध्ये त्याच्याच जुन्या ड्रायव्हरचा असा वापर उघडकीला आला. म्हणून खुले की बंद या वादापेक्षा दोन गोष्टी जास्त महत्त्वाच्या. साधन त्याच्या मूळ जागेवरूनच घ्यावे, आणि काम झाले की ते बंद करावे.

मूळ जागेचा आग्रह उगाच नाही. डाउनलोडच्या मोठमोठ्या अड्ड्यांनी दुसऱ्यांच्या फुकट सॉफ्टवेअरला आपले टूलबार चिकटवल्याची उदाहरणे आहेत. २०११ मध्ये डाउनलोड डॉट कॉमने एनमॅपबाबत आणि २०१५ मध्ये सोर्सफोर्जने गिंपबाबत हेच केले. मूळ जागासुद्धा अभेद्य नसते. सप्टेंबर २०१७ मध्ये उघड झाले, की लोकप्रिय सीक्लीनरच्या एका आवृत्तीत बनवणाऱ्यांच्याच यंत्रणेत शिरून मालवेअर मिसळले गेले होते. फाइलवर अस्सल सही होती आणि ती सुमारे २२ लाख ७० हजार संगणकांवर पोचली होती. याला पूर्ण उतारा नाही, पण धोका कमी करण्याचा मार्ग आहे: अशी साधने संगणकावर जितकी कमी तितके बरे. कायम पार्श्वभूमीवर बसणारी, दर आठवड्याला स्वतःला अद्ययावत करणारी चार साधने ठेवण्यापेक्षा लागेल तेव्हा उतरवायचे, इन्स्टॉल न करता चालवायचे एक बरे. प्रोसेस एक्सप्लोरर तसाच चालतो.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. घरातल्या आजोबांना, गृहपाठ करणाऱ्या मुलीला, हिशेब ठेवणाऱ्या दुकानदाराला हे झाड आणि या सह्या समजणार कशा? त्यांना एका क्लिकचे साधनच हवे. मला वाटते, उलट ज्याला काही पाहायचे नाही त्याला कुठलेच वेगळे साधन नको. विंडोजचे अपडेट आणि अंगभूत डिफेंडर चालू असले, टास्क मॅनेजरच्या ‘स्टार्टअप’ पानावरून संगणकाबरोबर सुरू होणारे नको ते प्रोग्रॅम बंद केले, की त्याचे भागले. ब्राउझरच मंदावला असेल तर क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप दाबावे. कुठला टॅब किंवा एक्स्टेन्शन मेमरी खातो आहे ते तिथेच कळते. आणि चार जीबी मेमरीच्या यंत्रावर विंडोज ११ आणि वीस टॅब चालवायचे असतील, तर दोष कुठल्याच प्रोसेसचा नाही. मेमरी वाढवणे आणि एसएसडी बसवणे हाच इलाज. अर्धवट समज तर आणखी महागात पडते. ‘तुमच्या संगणकात व्हायरस आहे’ म्हणून फोन करणारे भामटे विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर उघडायला सांगतात आणि त्यातल्या नेहमीच्याच लाल खुणा दाखवून पैसे उकळतात. निरोगी यंत्रातही त्या खुणा असतात हे ठाऊक असलेला माणूस फोन ठेवून देतो.

तिसरा आक्षेप असा, की मालवेअर हुशार झाले आहे. टास्क मॅनेजर उघडताच काम थांबवणारे आणि तो बंद होताच पुन्हा प्रोसेसर पिळणारे चोरटे कॉइन मायनर खरोखरच आढळले आहेत. मग नुसते पाहून काय होणार? हे खरे आहे, आणि चालू यंत्राच्या आतून पाहणारे कुठलेही साधन, फुकट असो वा विकतचे, या मर्यादेतून सुटत नाही. पण पंखा घोंघावतो आहे आणि टास्क मॅनेजर उघडला की गप्प होतो, हेही एक निरीक्षणच आहे. संशय पक्का झाला की मग दुरुस्ती करणारा गाठावा, आणि तो वेगळा असावा. डिफेंडरचे ऑफलाइन स्कॅन विंडोज सुरू होण्याआधीच तपासणी करते. आपल्याकडे सर्ट-इन या सरकारी संस्थेच्या सायबर स्वच्छता केंद्राने २०१७ पासून बॉट काढून टाकणारी साधने मोफत ठेवली आहेत. त्यांत पुण्याच्या क्विक हीलचेही साधन आहे. दुरुस्तीची साधने वाईट असतात असे माझे म्हणणे नाही. निदान करण्याचा मान त्यांना देऊ नये, एवढेच.

आणि निदान शेवटी साधनाच्या हातचे नसतेच. ज्या एक्सझेड प्रकरणाचा उल्लेख वर आला, त्यातली चोरवाट कुठल्या स्कॅनरने पकडली नाही. पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारे आंद्रेस फ्रॉइंड वेगळ्याच गोष्टीची मोजमापे घेत होते. त्यांना दिसले, की दूरच्या लॉगिनसाठी चालणारी एसएसएचची प्रोसेस नेहमीपेक्षा जास्त प्रोसेसर खाते आहे आणि लॉगिनला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतो आहे. अर्धा सेकंद! दुसऱ्या कुणी नेटला दोष देऊन विषय सोडला असता. त्यांनी माग काढला, आणि जगभरच्या लिनक्स सर्व्हरांवर पोचण्याच्या बेतात असलेली चोरवाट मार्च २०२४ च्या अखेरीस उघडी पडली. त्यांच्या हाती होती ती कुणालाही फुकट मिळणारी साधने. त्यांना ‘नेहमीचे’ किती हे ठाऊक होते, म्हणून ‘जास्त’ दिसले.

म्हणून विंडोज वापरणाऱ्याला माझे सांगणे एवढेच: टास्क मॅनेजर, आणि लागलाच तर मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या जागेवरून उतरवलेला प्रोसेस एक्सप्लोरर आणि ऑटोरन्स. या तिघांपलीकडे चौथे काही घेऊ नका. आणि ती बिघाडाच्या दिवशी पहिल्यांदा उघडू नका. संगणक ठणठणीत चालला आहे अशा एखाद्या दिवशी ऑटोरन्स चालवा, मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवण्याचा पर्याय निवडा, उरलेली यादी एकदा वाचा आणि ती फाइल म्हणून जपून ठेवा. पुढे कधी शंका आली तर त्याच प्रोग्रॅमच्या ‘फाइल’ मेन्यूत ‘कंपेअर’ आहे; जुनी यादी निवडली की मधल्या काळात नव्याने घुसलेल्या नोंदी वेगळ्या रंगात दिसतात.